नाईल क्रूझवर नेमकं काय बघायचं?

बेंगळुरूहून मी पुन्हा तुमच्यासमोर. हल्ली ओळखीतली बरीच मुलं विचारतात, आईबाबांना निवृत्तीनंतर इजिप्तला पाठवायचंय, नाईल क्रूझवर एवढे पैसे घालावेत का? माझं उत्तर ‘घालावेत’ असंच आहे. पण आपण कशाचे पैसे देतोय ते आधी कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट. क्रूझ म्हटलं की लोकांना वाटतं, जहाजातून अख्खा इजिप्त दिसणार. तसं नाही. बहुतेक जहाजं लक्सर ते आस्वान या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या पट्ट्यातच फिरतात, तीन किंवा चार रात्री. पिरॅमिड या वाटेवर येतच नाहीत. ते कैरोजवळ, लक्सरपासून साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला. तिथलं विमान किंवा रात्रीची गाडी पॅकेजमध्ये आहे का, हे आधी विचारा. डेकवरचा पोहण्याचा तलाव, तीन वेळचं बुफे, चादरीला पीळ घालून केलेला हंस, हे सगळं असतंच. त्यात मी वेळ घालवत नाही.

मग नदीतूनच का जायचं? कारण तो देश नदीतूनच उभा राहिला. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे जाताना शीड उभारायचं, येताना शीड उतरवून प्रवाहावर सोडून द्यायचं. प्राचीन चित्रलिपीत दक्षिणेला जाणं दाखवायला शीड उभारलेली होडी काढत आणि उत्तरेला जाणं दाखवायला शीड नसलेली. आणि हो, नकाशात दक्षिण खाली असली तरी ‘वरचा इजिप्त’ म्हणजे दक्षिण इजिप्त. नदी जिथून येते ते वर. घाटावरून कोकणात ‘खाली’ उतरणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड नाही.

लक्सरला पूर्वेच्या काठावर कर्नाक आणि लक्सरची देवळं. कर्नाकच्या एकाच सभामंडपात १३४ खांब आहेत. पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या बाजूला, राजांच्या थडग्यांची दरी. तूतनखामनचं थडगं हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये तिथेच सापडलं. पुढे एस्ना गावाजवळ जहाज पाण्याच्या दारांमध्ये थांबून पातळी बदलतं, आणि खाली होडीतले विक्रेते टेबलक्लॉथ, झगे थेट डेकवर फेकतात. पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली फेकायचे. ‘बक्शीश’ हा शब्दही कानावर पडेल. तो आपल्या बक्षिसाचाच भाऊ, फक्त तिथे तो काही न जिंकता मागतात.

एडफूचं होरसचं देऊळ इतकं शाबूत आहे की आपण फसतो. त्याचं बांधकाम इसवी सनापूर्वी २३७ मध्ये सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे सम्राट अशोक राज्य करत होता. मोठा पिरॅमिड तेव्हाच दोन हजार वर्षांहून जुना होता! म्हणजे इजिप्तच्या हिशेबात एडफू नवंच.

आता आस्वान. खरी गोष्ट मला इथे सांगायचीय. इथलं फिले बेटावरचं इसिसचं देऊळ तुम्ही होडीने बघायला जाता, पण जिथे जाता ते मूळ फिले नव्हेच. १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं आणि देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागलं. भिंतींवरचे रंग धुऊन गेले. मग १९६० मध्ये मोठ्या धरणाचं काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. अबू सिम्बेलची देवळं कापून तुकड्या-तुकड्याने ६५ मीटर वर चढवली, ते काम १९६८ मध्ये संपलं. फिलेचे दगड क्रमांक घालून शेजारच्या अगिल्किया बेटावर रचले, आणि १९८० मध्ये देऊळ पुन्हा उघडलं. आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली त्या काळात नुबियात उत्खननाला गेलं होतं.

देवळं हलली. माणसांचं काय झालं? इजिप्तमधले सुमारे पन्नास हजार नुबियन लोक १९६३-६४ मध्ये गाव सोडून निघाले. त्यांना वसवलं कोम ओम्बोच्या आसपास. तुमचं जहाज संध्याकाळी मगरदेव सोबेकच्या देवळाशी लागतं ना, तेच कोम ओम्बो. प्रवासी तासाभरात देऊळ बघून जेवायला परततात. कोयनेच्या, उजनीच्या काठच्या घरांत ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. देवळासाठी जगभरातून पैसा आला याचा मला आनंदच आहे. पण जहाजावरच्या माहितीत गावांचा उल्लेख एका वाक्यात उरकतात, ते मला खटकतं.

म्हणून आईबाबांना एक सांगा. आस्वानजवळ रंगीत घरांच्या नुबियन गावाची सहल असते, जास्वंदीसारख्या फुलांचं लालभडक सरबत देतात. तिथे फोटो काढून परत फिरू नका. आपण मराठी माणसं नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तोच विचारा: तुम्ही मूळचे कुठले? वाटाड्या भाषांतर करेल.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. उन्हाळ्यात आस्वान चाळिशीच्या वर जातं. अबू सिम्बेलला रस्त्याने जायला पहाटे निघावं लागतं, गुडघे दुखत असतील तर विमानाची चौकशी करा.

आणि ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी बेंगळुरूहून मंड्या जिल्ह्यातलं होस कन्नंबाडी गाठावं. १९११ मध्ये काम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणात बुडालेलं होयसळकालीन वेणुगोपालस्वामीचं देऊळ दगड-दगड उतरवून तिथे काठावर पुन्हा उभं केलंय. संध्याकाळी जा, पाण्याकडून छान वारा येतो.