चार चाकं, एक शिडी आणि वर्षाला १२ लाख शब्द

१२ लाख शब्द. एका माणसानं एका वर्षात लिहायचे, आणि तेही दरवर्षी! ही सक्ती कुणा संपादकानं केलेली नव्हती, त्यानं स्वतःच ती स्वतःवर लादून घेतली होती. साठ हजार शब्दांची एक कादंबरी धरली, तर वर्षाला वीस कादंबऱ्या होतात. रोजचा हिशेब मांडा: ४,००० शब्द, वर्षातल्या ३०० रात्री. ‘रात्री’ अशासाठी, की दिवसा हा गृहस्थ कोर्टात उभा असायचा.

त्याचं नाव अर्ल स्टॅन्ले गार्डनर. जन्म १८८९चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. पेरी मेसन हा कादंबऱ्यांतला वकील त्याचाच मानसपुत्र. मेसनच्या कादंबऱ्याच ऐंशीच्या वर. त्याशिवाय ए. ए. फेअर या टोपणनावानं लिहिलेली आणखी एक मोठी मालिका, आणि या सगळ्याच्या आधी मासिकांत छापून आलेल्या शेकडो कथा. एवढं एका माणसाच्या हातून होतं तरी कसं?

सुरुवात वकिलीपासून करू. गार्डनर कायद्याच्या कॉलेजात टिकला जेमतेम काही आठवडे. पुढे वकिलांच्या ऑफिसात काम करता करता स्वतःच पुस्तकं वाचून तो १९११मध्ये कॅलिफोर्नियात वकील झाला. ऑक्सनार्ड या गावात त्याच्याकडे बरेच चिनी अशील येत. एकदा लॉटरीची तिकिटं विकल्याबद्दल काही चिनी दुकानदारांवर वॉरंटं निघाली. गार्डनरनं काय केलं? दुकानदारांची अदलाबदल करून टाकली. याच्या गल्ल्यावर तो, त्याच्या गल्ल्यावर तिसराच. पोलिसांनी दुकान बघून माणूस उचलला आणि वॉरंटावरच्या नावाचा माणूस भलताच निघाला! ज्या अधिकाऱ्याला सगळे चिनी चेहरे सारखेच दिसतात, तो कोर्टात ओळख पटवणार कशी? पुढे पेरी मेसन पिस्तुलांची आणि माणसांची अदलाबदल करून साक्षीदारांना चक्रावून टाकतो, त्याचं बी इथलं आहे.

तरीही वकिलीत मन रमेना. १९२०च्या दशकात अमेरिकेत स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेल्या पल्प मासिकांचा सुळसुळाट होता. ती शब्दामागे काही सेंट मोजत. म्हणजे जितके शब्द, तितके पैसे. गार्डनरच्या कथांतल्या नायकांचा पहिल्या पाच गोळ्यांचा नेम हटकून चुके आणि सहावीनं ते शत्रूला लोळवत. असं का, या प्रश्नावर त्याचं गमतीदार स्पष्टीकरण होतं: पिस्तुलाच्या प्रत्येक आवाजाचे तीन सेंट मिळतात, मग पिस्तुलात गोळ्या शिल्लक असताना मारामारी संपवायची कशाला?

पण नुसतं भराभर लिहून भागत नाही. १९२३मध्ये त्यानं ‘ब्लॅक मास्क’ या मासिकाला एक कथा पाठवली. ती साभार परत आली, आणि सोबत चुकून मासिकाच्या ऑफिसातली एक अंतर्गत चिठ्ठीही आली. चिठ्ठीत त्या कथेची सालटी काढलेली होती. दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. गार्डनरला मात्र ती चिठ्ठी म्हणजे फुकटची शिकवणी वाटली. तीन रात्री जागून त्यानं कथा नव्यानं लिहिली. दोन बोटांनी टाइप करता करता बोटांची कातडी सोलवटली, तेव्हा त्यांना चिकटपट्टी गुंडाळून पुढे चालू. कथा स्वीकारली गेली!

बोटांवर पट्टी बांधता येते. डोक्याचं काय? रोज रात्री नवं कथानक आणायचं कुठून?

इथे खरी गंमत सुरू होते. गार्डनरनं पुठ्ठ्याची चाकं बनवली. एका चाकावर नायकाच्या वाटेत काटे पेरणारी दुय्यम पात्रं. दुसऱ्यावर गुंता वाढवणारे प्रसंग. तिसऱ्यावर नायकाला चकवणाऱ्या खोट्या वाटा. चौथ्यावर सुटकेचे मार्ग. चाकं फिरवायची आणि समोर येईल तो मेळ घेऊन विचाराला बसायचं. समजा, प्रत्येक चाकावर वीसच नोंदी आहेत. चार चाकांचे मेळ किती होतील? वीस गुणिले वीस गुणिले वीस गुणिले वीस: तब्बल १ लाख ६० हजार! आयुष्यभर रोज एक वापरला तरी संपायचे नाहीत. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये गार्डनरची कागदपत्रं जपून ठेवली आहेत आणि त्यांत ही चाकंही आहेत.

मग कथा चाकांनीच लिहिली म्हणायची का? मुळीच नाही. चाक फार तर एक अडचण हातात ठेवतं: रखवालदार खोटं बोलतोय आणि नायक भलत्याच माणसामागे लागलाय. पण रखवालदार खोटं का बोलतोय? या ‘का’चं उत्तर कुठल्याच पुठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं. ते शोधण्यासाठी गार्डनरकडे दुसरं हत्यार होतं, खुन्याची शिडी.

आपण रहस्यकथा वाचतो ती प्रेतापासून पुढे. गार्डनर ती रचायचा खुन्याच्या बाजूनं, आणि तीही खुनाच्या बऱ्याच आधीपासून. पहिली पायरी हेतूची. मग मोह, मग बेत, मग मागे फिरणं अशक्य करणारं पाऊल, मग खून. त्यानंतर लपवाछपवी, दुसऱ्यावर संशय ढकलणं आणि नजरेतून निसटलेला एखादा धागा. खुन्याच्या दृष्टीनं प्रत्येक पायरी शहाणपणाचीच असायला हवी. आधी कपडा पक्का शिवायचा, मग वाचकासमोर एकेक टाका उसवायचा, अशी ही रीत. म्हणूनच शेवट अनपेक्षित वाटतो, पण उपटसुंभ वाटत नाही.

आता उरला वेग. बोटं थकतात, जीभ थकत नाही! गार्डनर कथा तोंडी सांगू लागला आणि सेक्रेटरी त्या टाइप करू लागल्या. त्यांतल्या तिघी तर सख्ख्या बहिणी. स्वतःच्या या उद्योगाला तो ‘फिक्शन फॅक्टरी’ म्हणायचा. मेसनची पहिली कादंबरी, ‘द केस ऑफ द व्हेल्वेट क्लॉज’, १९३३मध्ये आली, तीही अशीच सांगून लिहवलेली.

आणि मेसनच्या कोर्टातली खुबी पाहिलीत? त्याचे कितीतरी खटले ज्युरीपुढे जातच नाहीत, प्राथमिक सुनावणीतच निकालात निघतात. कॅलिफोर्नियात या सुनावणीत न्यायाधीशाला एवढंच ठरवायचं असतं, की आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का. ज्युरी निवडण्यात वेळ जात नाही, लांबलचक भाषणं नाहीत. साक्षीदार, उलटतपासणी, धमाका! कायद्यातली एक रुक्ष पायरी कादंबरीचं तुफान इंजिन होऊ शकते, हे ओळखायला हाडाचा वकीलच हवा.

पण या कारखान्याचा सर्वांत थक्क करणारा माल काल्पनिक नव्हताच. १९४०च्या दशकात मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका माणसाच्या खटल्याची कागदपत्रं गार्डनरकडे आली. त्यानं काय केलं असेल? कादंबरीसाठी करायचा तेच. कोण, किती वाजता, कुठे होता, याचं वेळापत्रक मांडलं. साक्षी त्या वेळापत्रकात बसेनात. त्यानं वरच्या न्यायाधीशांना पत्रं लिहिली आणि मृत्युदंड टळला.

त्यातून १९४८मध्ये ‘आर्गसी’ मासिकाच्या साथीनं ‘कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट’ उभं राहिलं. नावात कोर्ट असलं तरी अधिकार काडीचा नाही. होते ते न्यायवैद्यक आणि तपासातले जाणकार, आणि लाखो वाचकांचं लक्ष. निरपराध असूनही तुरुंगात खितपत पडलेल्यांची प्रकरणं त्यांनी पुन्हा उघडली आणि काहींची सुटका झालीही. याच कामावर गार्डनरनं १९५२मध्ये पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाला अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेनं आपला एडगर पुरस्कार दिला. चाकं फिरवून, शिड्या रचून, वर्षाला १२ लाख शब्दांची कल्पित कथा सांगणाऱ्या या माणसाला तो पुरस्कार मिळाला सत्यकथेच्या विभागात!