पिवळा दिवा काय सांगतो?

पावसाळ्यात भरधाव सायकलचा ब्रेक एकदम दाबला तर काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. चाक थांबते, पण सायकल थांबत नाही. ती घसरत जाते. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून त्याची पकड चांगली असते. अडकलेले चाक मात्र नुसते घासत जाते. पुढची चाके अशी अडकली, तर ती वळवूनही वाहन वळत नाही.

हे जड लष्करी ट्रकच्या बाबतीत घडले तर? अमेरिकी सैन्याच्या एम-९३९ या पाच-टनी ट्रकांच्या बाबतीत ते घडले. ब्रेक लावताच चाके अडकत आणि ट्रक ताब्याबाहेर जाऊन उलटत. या अपघातांविषयी अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९९ साली अहवाल दिला. सैन्याने या ट्रकांची वेगमर्यादा ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटर, ठेवली आणि त्यांना अँटी-लॉक ब्रेक व रेडियल टायर बसवण्याचे ठरवले.

या यंत्रणेत चाकाच्या हबवर दातेरी लोखंडी कडे असते. त्याला बहुधा १०० दाते असतात. कड्याला जवळजवळ टेकून एक संवेदक असतो. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. दाते समोरून सरकले, की चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. टायरचा घेर ३.६ मीटर धरला, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २८० स्पंदने मिळतात. ती नियंत्रक पेटी मोजते. एखाद्या चाकाची स्पंदने एकाएकी घटली, की ते अडकत आहे हे ओळखून पेटी झडपेद्वारे त्याच्या ब्रेकमधील हवेचा दाब क्षणभर कमी करते. चाक फिरू लागले, की दाब पुन्हा वाढवते.

यात बिघाड झाला, की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. मग शोध कसा घ्यायचा?

प्रथम दिव्याचीच परीक्षा. चावी फिरवल्यावर तो दोन-तीन सेकंद लागलाच पाहिजे. मुळीच लागला नाही, तर बल्ब किंवा तार तुटलेली असते. तेव्हा आनंद मानण्याचे कारण नाही. पुष्कळ ट्रकांत एक बटण दाबले, की हाच दिवा लुकलुकून सांकेतिक अंक सांगतो. पहिला अंक दोषाचा प्रकार आणि दुसरा त्याची जागा दाखवतो.

दोष अनेकदा साधा असतो: संवेदक कड्यापासून मागे सरकलेला असतो. फट वाढली, की स्पंदने क्षीण होतात. ट्रकला ठोकळे लावून, संवेदक हाताने कड्याला टेकेपर्यंत आत ढकलतात. तो पुनःपुन्हा मागे सरकत असेल, तर चाकाचे बेअरिंग ढिले असण्याचा संभव असतो. तसे असेल, तर दिव्याने त्याहून मोठा धोका दाखवून दिला असे समजावे.

एवढ्याने भागले नाही, तर मीटर लावतात. चांगल्या वेटोळ्याचा रोध साधारण एक ते दोन हजार ओम असतो. तो अनंत दिसला, तर तार तुटली आहे. शून्याजवळ दिसला, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. चाक उचलून दोन सेकंदांत एक फेरा या गतीने फिरवले, तर निदान ०.२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब मिळायला हवा.

दुरुस्तीनंतरही उभ्या ट्रकमध्ये दिवा कधीकधी विझत नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. सायकल थांबली, की तिचा दिवा विझे. तसेच चाक फिरल्याखेरीज संवेदकही बोलत नाही. ट्रक ताशी सहा-सात किलोमीटरने चालवला, सर्व संवेदकांची खूण पटली, की दिवा विझतो.

पिवळा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असे नव्हे; हवेचे साधे ब्रेक चालूच राहतात. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. कोरड्या रस्त्यावर कदाचित काही बिघडणारही नाही. पण ओल्या उतारावर, मागे वीस जवान बसलेले असताना, चाक अडकू लागले तर ते सोडवणारे कोणी नसते. तो दिवा एवढेच आधी सांगत असतो.