महास्फोट नेमका कुठे झाला?

विश्वावरच्या जाहीर व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो: महास्फोट नेमका कुठे झाला? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक चित्र असते. काळीकुट्ट पोकळी, तिच्यात कुठेतरी एक ठिणगी, मग धमाका आणि चहूदिशांना उडालेले तुकडे. ते तुकडे म्हणजे आजच्या दीर्घिका. कितीतरी माहितीपट याच दृश्याने सुरू होतात. दृश्य देखणे असते, पण चुकीचे असते, आणि पुढचे बरेच गैरसमज त्याच्याच पोटी जन्मतात.

सिद्धांताचे म्हणणे याहून मोजके आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आज दिसणारे सारे विश्व अत्यंत तप्त आणि घन अवस्थेत होते. तेव्हापासून ते प्रसरण पावत आणि निवत आले आहे. आधीच रिकामी पडलेली जागा आणि तिच्यात झालेला स्फोट असे त्यात कुठेच नाही. प्रसरण होते ते जागेचेच.

१९२९ साली एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांवरून दाखवले, की दीर्घिका जितकी लांब तितक्या जास्त वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. बेल्जियमचे धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांतून हे १९२७ मध्येच काढले होते. मग आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत का? मुळीच नाही. तीळ घातलेले थालीपीठ थापताना पाहा. कुठल्याही तिळावरून पाहिले तरी बाकीचे तीळ दूर सरकताना दिसतील, आणि लांबचे अधिक भरभर. फरक एवढाच, की थालीपिठाला कडा असते. विश्वाला कडा किंवा मध्य असल्याची कुठलीही खूण सापडलेली नाही. तेव्हा ‘कुठे’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘सगळीकडे’ असे आहे. तुम्ही हे वाचत बसला आहात तिथेसुद्धा.

‘पण हे पाहायला होते कोण?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. त्याचे उत्तर एका खरखरीत सापडले. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे बेल लॅबोरेटरीजच्या भल्यामोठ्या, कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. तिच्यातून येणारी बारीक खरखर काही केल्या जाईना. अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवली, आकाशात वेगवेगळ्या दिशांना फिरवली, दिवसरात्र मोजमाप केले, ऋतू बदलले, खरखर तेवढीच. आत कबुतरांच्या जोडीने घर केले होते. त्यांना हलवले, विष्ठा घासून काढली, पत्र्याच्या जोडांवर पट्ट्या चिकटवल्या. तरीही तेच.

ती खरखर म्हणजे विश्वातला सर्वांत जुना प्रकाश होता. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्याचे तापमान ३००० अंशांच्या आसपास उतरले, इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रके जुळून अणू बनले आणि तोवर त्यांच्यात अडकून पडलेला प्रकाश मोकळा झाला. प्रसरणाने त्याच्या लहरी आजवर सुमारे ११०० पट ताणल्या गेल्या आहेत. आज तो सूक्ष्मतरंगांच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो, आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर आहे. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागले नाही की पडद्यावर मुंग्या दिसायच्या, त्यांतला थोडासा वाटा याच प्रकाशाचा असे. १९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ने आणि पुढे ‘डब्ल्यूमॅप’ व ‘प्लँक’ या यानांनी त्यातले लाखात एक भाग इतके सूक्ष्म चढउतार मोजले. पुढे याच चढउतारांतून दीर्घिका घडल्या. माणसाने केलेल्या मोजमापांत याहून विलक्षण असे मला दुसरे माहीत नाही.

मराठी वाचकांत आणखी एक गैरसमज आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता, म्हणजे तो खोटाच असणार, असे काही म्हणतात. तर त्यांचा पर्यायी सिद्धांत टिकला नाही, म्हणजे ते श्रम वाया गेले, असे दुसरे. दोन्ही अन्यायाचे आहे. नारळीकर आणि त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांचा आग्रह होता, की पर्याय तपासल्याशिवाय एकच सिद्धांत सर्वमान्य ठरवू नये. महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना दिले. विश्वात वस्तुमानानुसार सुमारे पाव हिस्सा हेलियम आहे, आणि एवढा हेलियम साध्या ताऱ्यांत तयार होऊ शकत नाही, हेही त्यांनीच रॉजर टेलर यांच्यासह १९६४ मध्ये मांडले. तो पुरावा महास्फोटाच्याच बाजूने गेला. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी आपला पर्यायी सिद्धांत सुधारून मांडला आणि सूक्ष्मतरंगांचे स्पष्टीकरण लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी विखुरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशातून देऊन पाहिले. पुढच्या यानांची बारकाईची मोजमापे त्यात नीट बसली नाहीत. पण असे विरोधक समोर होते म्हणूनच महास्फोटाच्या बाजूचे पुरावे इतके कसून तपासले गेले, असे मला वाटते.

‘महास्फोटाआधी काय होते?’ यावर महास्फोटाचा सिद्धांत काहीच सांगत नाही. शून्यातून सगळे कसे उपजले, हा त्याचा विषय नाही. अगदी सुरुवातीच्या क्षणाला गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी एकत्र लावावी लागते, आणि तसा सर्वमान्य सिद्धांत अजून हाती नाही.

वय १३८० कोटी वर्षे, म्हणून दिसणाऱ्या विश्वाची मर्यादा १३८० कोटी प्रकाशवर्षांवर, हा हिशेबही फसवा आहे. प्रकाश वाटेत असताना जागा ताणली जात होती. त्यामुळे तो सर्वांत जुना प्रकाश जिथून निघाला ती ठिकाणे आज सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत, आणि त्याच्या पलीकडेही विश्व आहेच. आपण, पृथ्वी, सूर्यमाला मात्र ताणलो जात नाही. विद्युतबल आणि गुरुत्व आपल्याला बांधून ठेवतात. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर उलट सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. तिची आपल्या आकाशगंगेशी टक्कर अटळ असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात येत्या १००० कोटी वर्षांत तशी शक्यता निम्मीच निघाली.

जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला, हा २०२२ पासून फिरणारा निरोप बाजूला ठेवावा. अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका फार लवकर बनलेल्या दिसल्या, त्यामुळे पहिले तारे किती वेगाने घडले याचा पुनर्विचार सुरू आहे. तप्त, घन भूतकाळाचा पुरावा जिथल्या तिथेच आहे.

राहिला शेवटाचा प्रश्न. विश्व पुन्हा आकुंचन पावून कोसळणार, असे अनेकांनी शाळेत असताना वाचलेले असते. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या अभ्यासातून प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे दिसले. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्या शोधाला मिळाले. या वाढीमागे मानलेली कृष्ण ऊर्जा विश्वाच्या सुमारे ६८ टक्के आहे, कृष्ण द्रव्य २७ टक्के, आणि तारे, ग्रह, वायू, माणसे सगळे मिळून उरलेले ५ टक्के. कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच राहिली, तर दीर्घिकांचे समूह एकमेकांच्या दृष्टीआड जातील, तारे विझतील आणि विश्व थंड होत राहील. पण ॲरिझोनातल्या किट पीकवरचे ‘डेझी’ हे उपकरण ५००० प्रकाशतंतूंनी दीर्घिकांचे नकाशे काढते आहे, आणि २०२४ व २०२५ च्या त्याच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी असा इशारा आहे. संख्याशास्त्राच्या मोजपट्टीवर २०२५ च्या निष्कर्षांत त्याचे वजन २.८ ते ४.२ सिग्मा भरले. शोध जाहीर करायला भौतिकशास्त्रज्ञ ५ सिग्मा मागतात.