कीबोर्डचा दिवा लागतो, पण लॅपटॉपमधून आवाज येत नाही. मिडी नेमकं अडतं कुठे?

जव्हार-मोखाड्याकडे आता गाणं बनवायला मोठा स्टुडिओच लागतो असं राहिलेलं नाही. एक लॅपटॉप, सेकंडहँड कीबोर्ड, यूएसबी केबल आणि हेडफोन. एवढ्या सामानावर घरच्या घरी लग्नाची, नाचाची गाणी तयार करता येतात आणि यूट्यूबवर टाकता येतात.

अडचण येते ती केबल जोडल्यावर. कीबोर्डचा दिवा लागतो, लॅपटॉप 'टिंग' करून ओळख देतो, सॉफ्टवेअर उघडतं. पण पट्टी दाबली की शांतता. किंवा आवाज येतो, पण बोट उचलल्यावर. मग कुणीतरी सांगतं, "साउंड कार्ड उडालं असेल, नवीन घे." नवीन घ्यायचं म्हणजे घाट उतरून पालघर-विरार, नाहीतर त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिक. दिवस मोडतो, काही हजार रुपये जातात आणि घरी येऊन जोडलं की पुन्हा तेच.

असं होतं, कारण बऱ्याचदा दोष कार्डात नसतोच. तो कुठे आहे हे घरबसल्या, एक रुपया खर्च न करता शोधता येतं. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही

मिडी ही यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर वेगळ्या पद्धतीने चालायचा. एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला जोडता येत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि १९८३ मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडून वाजवून दाखवले गेले. तीच भाषा आजही चालते.

तुम्ही एक पट्टी दाबली की कीबोर्ड आवाज पाठवत नाही, निरोप पाठवतो. निरोपात तीन गोष्टी असतात: कोणत्या चॅनलवर, कोणता सूर आणि किती जोरात. चॅनल १६ असतात. सुरांना ० ते १२७ असे नंबर असतात, मधला सा म्हणजे पांढरी एक धरली तर तिचा नंबर ६०. जोरही ० ते १२७ मध्येच मोजतात. बोट उचललं की दुसरा निरोप जातो, 'आता थांब'.

म्हणजे मिडी ही नोटेशनची वही आहे. वही कितीही कानाला लावली तरी गाणं ऐकू येणार नाही. ती वाचून वाजवणारा कुणीतरी लागतो.

मग साउंड कार्ड काय करतं?

जुन्या डेस्कटॉपच्या साउंड कार्डावर असा वाजवणारा बसलेला असायचा. त्यावर सूर तयार करणारी चिप असे आणि मागे १५ पिनांचं जॉयस्टिकचं पोर्ट असे, त्यालाच मिडीची केबल लागायची. विंडोज व्हिस्टापासून त्या पोर्टाचा आधार काढून टाकला गेला. शाळेतून किंवा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर कुणी दिला आणि त्याला असं पोर्ट दिसलं, तर त्याच्या नादी लागू नका. यूएसबीच वापरा.

आजच्या लॅपटॉपमधलं कार्ड फक्त आकड्यांचं रूपांतर आवाजात करतं. सूर तयार करायचं काम सॉफ्टवेअरकडे आलं आहे. म्हणून 'कार्ड खराब आहे का' हे तपासायला एक सोपी युक्ती आहे: यूट्यूबवर कोणतंही गाणं लावा. ते ऐकू आलं तर कार्ड ठीक आहे. नाशिकची फेरी वाचली.

निरोपाचे चार थांबे

एसटी वेळेवर आली नाही तर आपण विचारतो, कुठपर्यंत आली होती? मिडीचंही तसंच. निरोप चार थांबे घेत जातो. क्रमाने विचारत गेलं की कुठे अडकला ते कळतं.

पहिला थांबा, केबल. मोबाईल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. कीबोर्डचा दिवा लागतो तो याच विजेवर, म्हणून दिवा लागला म्हणजे जोडणी झाली असं समजू नका. ज्या केबलने मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात, ती लावून बघा. कीबोर्डला दोन यूएसबी भोकं असतील तर पेनड्राइव्हचं वेगळं आणि कॉम्प्युटरचं वेगळं असतं. चौकोनी भोक बहुतेक वेळा कॉम्प्युटरचं.

जुन्या कीबोर्डला पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. तिथे कीबोर्डच्या 'आउट'मधून निघालेली वायर पुढच्या यंत्राच्या 'इन'मध्ये जायला हवी. स्वस्तातल्या केबलींवर 'इन-आउट' लिहिण्याची पद्धत एकसारखी नसते. आवाज नाही आला तर दोन्ही पिना अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

दुसरा थांबा, विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डचं नाव दिसतंय का? नसेल तर मधला यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टाला लावा. काही मॉडेलना कंपनीच्या वेबसाइटवरचा ड्रायव्हर लागतो. नाव दिसतंय पण सॉफ्टवेअर म्हणतं 'पोर्ट उघडत नाही', तर दुसरं एखादं संगीताचं सॉफ्टवेअर मागे उघडं आहे का बघा. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं एक मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत आलं आहे. दुसरा प्रोग्राम बंद केला की काम होतं.

तिसरा थांबा, सॉफ्टवेअर. सर्वात जास्त निरोप इथेच अडकतात. एफएल स्टुडिओ असो, रीपर असो की फुकटचं एलएमएमएस, तीन गोष्टी बघा. सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून तुमचा कीबोर्ड निवडला आहे का? ट्रॅक रेकॉर्डसाठी चालू केला आहे का? आणि त्या ट्रॅकवर एखादं वाद्य लावलं आहे का? रिकाम्या ट्रॅकवर निरोप पोचतो, पण तो वाचून वाजवणारा कुणी नसतो. पट्टी दाबल्यावर ट्रॅकजवळची छोटी पट्टी किंवा दिवा हलत असेल तर पहिले दोन थांबे पार झाले, असं खुशाल समजा.

चॅनलही बघा. सनईचा सूर दाबला आणि ढोल वाजला, तर कीबोर्ड चॅनल १० वर आहे. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडीच्या नियमात दहावा चॅनल तालवाद्यांना दिलेला आहे.

चौथा थांबा, आउटपुट. सॉफ्टवेअर आवाज भलतीकडेच पाठवत असेल. टीव्हीची एचडीएमआय केबल किंवा आधी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर निवडलेला राहतो आणि आपण हेडफोन लावून बसतो.

आवाज येतो, पण उशिरा

ही दुसरी मोठी तक्रार. तीन बाइटचा एक निरोप मिडीच्या मूळ वायरीतून जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. उशीर तिथे होत नाही. तो होतो आवाज तयार झाल्यानंतर.

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, हंडा भरला की ओततो. या हंड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १०२४ चा बफर भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ चा बफर सुमारे ६ मध्ये भरतो. दहा मिलिसेकंदात आवाज हवेतून जवळपास साडेतीन मीटर जातो. म्हणजे तेवढा उशीर हा संबळवाला खोलीच्या पलीकडच्या भिंतीला उभा असल्यासारखा, चालून जातो. पण शंभर मिलिसेकंद म्हणजे तो ३४ मीटरवर, अंगणाच्याही पलीकडे उभा. त्याच्याबरोबर ठेका धरणं कठीणच.

उपाय असे करा. वाजवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. वायरचे साधे हेडफोन चालतील. विंडोजमधला आयता सिंथेसायझर फाईल ऐकायला ठीक, पण त्यात जाणवण्याइतका उशीर असतो. वाजवण्यासाठी सॉफ्टवेअरमधलंच वाद्य घ्या. ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ ड्रायव्हर निवडा, कार्डाचा स्वतःचा नसेल तर 'एएसआयओ फॉर ऑल' फुकट मिळतो. मग बफर २५६ वर आणा. तडतड सुरू झाली तर ५१२ करा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग करताना बफर खुशाल वाढवा, तेव्हा उशिराने फरक पडत नाही.

छळणाऱ्या चार लहान गोष्टी

सूर अडकतो: 'थांब' हा निरोप वाटेत हरवला. सॉफ्टवेअरमधलं 'पॅनिक' बटण दाबा, सगळे सूर बंद होतात. वारंवार होत असेल तर केबल सैल आहे.

एकच सूर दोनदा वाजतो: कीबोर्ड स्वतः वाजवतो आणि निरोप सॉफ्टवेअरमधून फिरून परत येऊन तोच पुन्हा वाजवतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करा.

पट्टी चढते: काळी एकमधलं गाणं अचानक वर गेल्यासारखं वाटतं. ४४,१०० ला केलेलं रेकॉर्डिंग ४८,००० ने वाजतंय. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. या गफलतीने सूर जवळपास दीड अर्धस्वर वर सरकतो आणि लयही वाढते.

स्पीकरमधून घरघर येते: लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर दोष विजेच्या जोडणीत, अर्थिंगमध्ये आहे. लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावून बघा. तरीही राहिली तर रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. पावसात लाइट ये-जा करत असते तेव्हा तसंही बॅटरी भरून ठेवलेली बरी.

सगळं जमलं, पण तारपा वाजत नाही

इथे मामला केबलचा राहत नाही. तारपा सुकवलेल्या दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा. तो हाताने घडतो, म्हणून प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा. कीबोर्डच्या बारा पट्ट्यांत तो नेमका बसत नाही. शिवाय तारपकरी गालात हवा धरून श्वास न तोडता वाजवत राहतो. नाचणारे त्याच्या बदलत्या चालीवर पावलं बदलतात. कीबोर्डवर 'सनई' किंवा 'बॅगपाइप' निवडून ती चाल वाजवली की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, हा तारपा नव्हे.

पण मिडीत वाट आहे. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. मोबाईलवरच्या ट्यूनर अॅपने खऱ्या तारप्याचा एकेक सूर मोजा, किती सेंट वर किंवा खाली आहे ते लिहून घ्या. मग तेच सूर शांत जागी, वायरच्या माइकवर, प्रत्येकी आठ-दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरच्या सँपलरमध्ये एकेका पट्टीवर बसवा. सँपल मूळ सुरातच ठेवा, कीबोर्डच्या सुराला जुळवायला जाऊ नका. मधल्या भागाला लूप लावला की पट्टी दाबून ठेवेपर्यंत श्वास तुटत नाही.

पिच बेंडच्या चाकानेही सूर हलतो. त्यात १६,३८४ पायऱ्या असतात, पण ते एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदम ओढतं. म्हणून सतत घुमणारा खालचा सूर एका चॅनलवर आणि चाल दुसऱ्या चॅनलवर ठेवा.

आणि ज्याचा तारपा रेकॉर्ड केला त्याला आधी विचारा. गाणं कशासाठी आहे ते सांगा, पैसे येणार असतील तर त्याचा वाटा ठरवा आणि व्हिडिओखाली त्याचं व गावाचं नाव लिहा. पट्टी तुम्ही दाबता, पण श्वास त्याचा असतो.

मित्राला पाठवताना

मिडी फाईलमध्ये आवाज नसल्याने चार मिनिटांचं गाणं काही केबीत मावतं. तेच एमपीथ्री केलं तर तीन-चार एमबी, आणि स्टुडिओतली वेव्ह फाईल मिनिटाला दहा एमबी. पाड्यावर नेटवर्कची एकच कांडी असेल तरी मिडी फाईल जाते. मात्र मित्राकडे ती त्याच्या वाद्यांत वाजेल, तुमचा तारपा तिथे पियानो होईल. साथ बसवायला मिडी पाठवा, ऐकवायला एमपीथ्री पाठवा.

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइड ६ पासून मोबाईल मिडी समजतो. ओटीजी अडॅप्टर लावा आणि कीबोर्ड जोडा.

तर पुढच्या वेळी शांतता पसरली की खिशात हात घालण्याआधी क्रमाने विचारा: केबलमधून माहिती जाते का, विंडोजला कीबोर्ड दिसतो का, ट्रॅकवर वाद्य आहे का, आवाज कुठे पाठवलाय? या चारही प्रश्नांना 'हो, बरोबर आहे' असं उत्तर आलं आणि यूट्यूबही मुकं असेल, तरच साउंड कार्डाकडे बोट दाखवा.