मोबाइल वारंवार ‘रीस्टार्ट’ होतोय? आधी निदान, मग दुरुस्ती

भाजीवाल्याला पैसे देण्यासाठी मोबाइल काढावा आणि नेमका त्याच क्षणी पडदा काळा होऊन कंपनीचे बोधचिन्ह झळकू लागावे, हा अनुभव अनेकांना येतो. सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी आपोआप बंद होऊन सुरू होणारा संच पुढे दिवसातून अनेकदा तसे करू लागतो आणि एके दिवशी बोधचिन्हापलीकडे जातच नाही. छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, दूरध्वनी क्रमांक असे सारे त्यातच असल्याने वापरकर्ता धास्तावतो. मग घाईघाईने ‘फॅक्टरी रीसेट’ केले जाते किंवा दुकानदार सांगेल त्या दुरुस्तीला होकार दिला जातो. वास्तविक संच कोणत्या वेळी आणि काय करताना बंद पडतो, याची दोन-तीन दिवस नोंद ठेवली, तर दोष कोठे असावा याचा बराचसा अंदाज घरबसल्या येऊ शकतो.

माहिती आधी वाचवा

आजच्या स्मार्टफोनमधील माहिती कूटबद्ध स्वरूपात साठविलेली असते आणि ती उलगडणारी किल्ली त्याच संचाच्या प्रोसेसरशी जोडलेली असते. त्यामुळे मदरबोर्ड कायमचा निकामी झाल्यास मेमरी चिप काढून दुसऱ्या संचात बसविली, तरी काहीच वाचता येत नाही. ‘फॅक्टरी रीसेट’मध्ये तर ही किल्लीच पुसली जाते. म्हणूनच संच थोडा वेळ का होईना चालतो आहे, तोवर छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपमधील संभाषणे यांची प्रत संगणकावर किंवा क्लाउडवर घेणे, हे पहिले काम होय. गूगल किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड आठवतो ना, याचीही खात्री करावी. रीसेटनंतर तोच मागितला जातो.

प्रत्येक वेळी बिघाडच असतो असे नाही

काही कंपन्यांच्या संचांत ठरावीक वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय सेटिंग्जमध्येच असते. पहाटे एकदाच असे होत असेल, तर ती तपासावी. सलग तीन दिवस कुलूपबंद राहिलेला आयफोन स्वतःहून रीस्टार्ट होण्याची सुरक्षा व्यवस्था २०२४ मध्ये आली आणि २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठीही तशीच सोय आणली. कपाटात पडून राहिलेला जुना फोन असे करीत असेल, तर काळजीचे कारण नाही.

संशय आधी बॅटरीवर

बॅटरीवर ३० टक्के आकडा दिसत असताना कॅमेऱ्याचा फ्लॅश उडविला, गेम सुरू केला किंवा फोन लावला की संच बंद पडतो. मात्र चार्जर जोडलेला असताना तो सुरळीत चालतो. हे जुन्या बॅटरीचे ठळक लक्षण आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते, तसा तिचा अंतर्गत विद्युत रोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि संच बंद होतो. बॅटरीत चार्ज शिल्लक असतो, पण तो हव्या त्या वेगाने बाहेर पडू शकत नाही.

आयफोन ६ एसच्या काही संचांत हाच त्रास आढळल्याने २०१६ मध्ये अ‍ॅपलने त्यांच्या बॅटऱ्या मोफत बदलून दिल्या. पुढे जानेवारी २०१७ मधील एका अद्ययावत आवृत्तीद्वारे जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गरजेनुसार कमी करण्यात आला. ग्राहकांना याची स्पष्ट कल्पना दिली गेली नव्हती. गदारोळानंतर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. संथ किंवा बंद पडणाऱ्या फोनला अनेकदा नव्या बॅटरीचीच गरज असते, हे त्या प्रकरणाने जगाला दाखवून दिले.

बॅटरी फुगून पाठीचे झाकण किंवा पडदा उचलला गेला असेल, तर मात्र संच त्वरित बंद करावा. तो चार्ज करू नये, दाबू नये आणि बॅटरी स्वतः उचकटू नये. तिला आग लागू शकते.

सॉफ्टवेअरची परीक्षा

चार्जर जोडूनही संच रीस्टार्ट होत असेल, तर पुढची पायरी ‘सेफ मोड’ची. बहुतेक अँड्रॉइड संचांत ‘पॉवर ऑफ’चा पर्याय पडद्यावर काही क्षण दाबून धरला की ही सोय मिळते. यात नंतर टाकलेली सर्व अ‍ॅप्स तात्पुरती बंद राहतात. या अवस्थेत संच दिवसभर नीट चालला, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा असण्याची शक्यता अधिक. त्रास सुरू होण्याच्या सुमारास टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढावीत. अंतर्गत साठा काठोकाठ भरला असल्यास मोकळा करावा. मेमरी कार्ड आणि सिम काढून पाहावे.

क्षुल्लक वाटणारी गोष्टही पुरेशी ठरते. २०२० मध्ये एका सरोवराचे सुंदर छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावताच अनेक अँड्रॉइड संच सतत बंद-चालू होऊ लागले. त्या चित्रातील रंगमाहितीचा हिशेब करताना प्रणालीची ठरलेली मर्यादा ओलांडली जात होती. हार्डवेअरमध्ये काहीही बिघडलेले नव्हते.

बटण, पाणी आणि मदरबोर्ड

पॉवरचे बटण घाम, धूळ किंवा घट्ट कव्हरमुळे दबून राहिले, तरी संच ते सक्तीच्या रीस्टार्टची आज्ञा समजतो. म्हणून कव्हर काढून काही तास संच वापरून पाहावा. पावसात भिजलेल्या फोनची लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात, कारण आतील गंज हळूहळू पसरतो. भिजलेला फोन तांदळात ठेवण्याचा उपाय निरुपयोगी असून बारीक कण आत जाण्याचा धोका असतो. तो न करण्याचा सल्ला अ‍ॅपलनेही दिला आहे.

आयफोन साधारण दर तीन मिनिटांनी नेमाने रीस्टार्ट होत असेल, तर एखाद्या सेन्सरकडून प्रणालीला उत्तर मिळत नसल्याचा संशय घेतात. हा सेन्सर चार्जिंग पोर्टच्या किंवा पॉवर बटणाच्या पट्टीवर असू शकतो आणि पट्टी बदलल्यावर मदरबोर्डला हात न लावता काम भागते. ‘अ‍ॅनालिटिक्स डेटा’मधील ‘पॅनिक-फुल’ नावाच्या नोंदीत त्याचा माग सापडतो. संच पडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर चिपखालील सूक्ष्म डाग निखळलेले असू शकतात. २०१५ मध्ये आलेल्या एलजी जी४ या फोनचे सततचे रीस्टार्ट सुट्या भागांमधील सैल जोडणीमुळे होत असल्याचे कंपनीने २०१६ मध्ये मान्य केले होते. हे काम सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर यंत्र असलेल्या कुशल कारागिराचेच.

दुरुस्तीला देताना

वॉरंटी असल्यास अधिकृत केंद्रच गाठावे. बाहेर, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा नाक्यावरच्या दुकानात, संच द्यायचा असल्यास आधी निदान व अंदाजे खर्च विचारावा, बदललेला भाग परत मागावा आणि पावतीवर आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. ‘बोर्ड गेला’ असे लगेच सांगितले गेल्यास चाचणीसाठी दुसरी बॅटरी लावून पाहिली का, हे जरूर विचारावे. पासवर्ड शक्यतो देऊ नये. काही संचांत त्यासाठी खास ‘मेंटेनन्स मोड’ असतो. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

‘फॅक्टरी रीसेट’ हा सॉफ्टवेअरवरचा अखेरचा उपाय आहे. थकलेली बॅटरी त्याने ताजी होत नाही, की निखळलेला डाग जुळत नाही. पुसली जाते ती केवळ माहिती. म्हणूनच आधी प्रत, मग नोंद, त्यानंतर बॅटरी व सॉफ्टवेअरची परीक्षा आणि सर्वांत शेवटी मदरबोर्ड, हा क्रम पाळला तर खिसा आणि आठवणी दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.