पाठीवर कमी, पंचांगात जास्त

सोलापूर–वाडी लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या दुधनीचे पाणी भीमेला मिळते आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्राशी या मुलखाचे भूगोलाने काही नाते नाही. तरीही कोकण किनारा चार-सहा दिवस पायी चालायचा, ही हौस आता घाटावरच्या तरुणांतही दिसते. ती चांगलीच आहे. खटकते ते तिचे सोंग: पाठीवर तंबू, चूल, आठवड्याचा शिधा. ही पद्धत जिथून आली, तिथे तिला कारण आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरची ७५ किलोमीटरची वेस्ट कोस्ट ट्रेल फुटलेल्या जहाजांतून वाचलेल्यांसाठी राखलेली वाट होती. तिथे मुक्कामाला गावच नाही. कॅलिफोर्नियाच्या लॉस्ट कोस्टवर अस्वलांपासून अन्न वाचवायला बंद डबा न्यावाच लागतो. बाणकोट ते दाभोळ या पट्ट्यात मात्र वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कोळथरे अशी गावे ओळीने लागतात. जिथे विचारले तर भाकरी मिळते, तिथे शिधा वाहणे म्हणजे नुसती हमाली.

घाटावरच्या माणसाला हे नव्याने शिकायला नको. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला माणसे रात्रभर चालतात. गाणगापूरच्या आणि पंढरीच्या वाटा तर पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या आहेत. खांद्यावर पडशी आणि मुक्काम गावात, हीच आपली बहुदिवसीय चाल. किनाऱ्यावर तिला एकाच गोष्टीची जोड हवी, ती म्हणजे भरती-ओहोटीची. कोळी-खारव्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पुळण उघडी आणि ओल्या वाळूवर पाय रुतत नाही. एकादशीला भरती सव्वाआठला, तेव्हा सकाळ गावात काढावी आणि दुपारी निघावे. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी उधाण येते, मग पुळण सोडून पाखाडीने, म्हणजे दगड बसवलेल्या पायवाटेने, सड्यावर चढायचे. हे सगळे ज्यावरून कळते, ते दाते पंचांग निघते सोलापुरातून! समुद्राची किल्ली घाटावर छापली जाते, हा योगायोग मला भारी आवडतो. हिशेब अंदाजाचाच असतो, म्हणून खाडीच्या तोंडाशी स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. बाणकोटच्या खाडीवर वेसवी–बागमांडला आणि वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे अशा फेरीबोटी आहेतच.

यावर कोणी म्हणेल, गावात जेवून-झोपून केलेल्या चालीत साहस कुठले? पण माणसावाचूनचा किनारा कोकणात फारसा उरलेला नाही. माणसे नाहीत असे समजून पुळणीवर तंबू ठोकणाऱ्याला रानाचा अनुभव मिळत नाही, तो फक्त कोळ्यांच्या जाळी वाळवण्याच्या जागेत येतो. शिवाय त्याच वाळूत कासवे अंडी घालतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वारीसारखी गर्दी लोटली तर या छोट्या गावांचे काय? उन्हाळ्यात जांभ्याच्या मुलखातल्या विहिरी आटतात, कचऱ्याला जागा नाही. हे खरेच आहे. त्याचे उत्तर वेळासने काही अंशी दिले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये तिथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे पिल्ले पाहायला येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले. पैसा गावात राहतो आणि पाहुण्यांवर नजरही गावाचीच राहते. संख्या घरांच्या खोल्यांनी ठरावी, एखाद्या सहल कंपनीने नव्हे.

खरा धोका दुसरीकडे आहे. रेवस–रेड्डी सागरी मार्गासाठी खाड्यांवर पूल येत आहेत. ते हवेतच, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला बोटीची वाट पाहावी लागू नये. पण रस्त्याचा विचार करताना चालणारा कोणाच्या खिजगणतीत नसतो. वेल्सने २०१२मध्ये आपला सुमारे १,४०० किलोमीटरचा सगळा किनारा सलग पायवाटेने जोडला. आपल्याकडे निम्मे काम पाखाड्यांनी आधीच करून ठेवले आहे. प्रत्येक पुलावर पादचाऱ्यांसाठी कठडा घातलेली पट्टी आणि गावोगावच्या पाखाड्यांची नोंद, एवढे सरकारने करावे. बाकीचे चालणाऱ्यांनी पाहावे: दिवाळीनंतर निघा, होळीच्या आत परता आणि पाठीवरचे ओझे निम्मे करा.