परळचा फुटपाथ आणि व्हिनेगरचा बोळा

गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या दानपेट्यांतल्या नोटा मोजायला माणसं बसवावी लागतात. नवसाच्या सोन्याचांदीचा पुढे लिलाव होतो. १९३४ साली बाजाराच्या जागेचा नवस फेडायला कोळी आणि व्यापाऱ्यांनी हा गणपती बसवला. त्याचं मंडळ आज स्वस्त दरात डायलिसिस केंद्र चालवतं. २०२० मध्ये तर त्यांनी मूर्तीऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ केला. तेव्हा लालबाग-परळच्या गिरणगावाला दानधर्म शिकवायला कुणी नको. दिलेल्या रुपयातून होतं किती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

जवळच परळला कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल, १९४१ पासूनचं. बाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बिहार-बंगालकडची कुटुंबं दिवस काढतात. उशाला कपड्यांचं बोचकं आणि पिशवीत जपलेली रिपोर्टची फाईल. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कुणाला नाही. इथं पाकीट आपसूक उघडतं, आणि त्यात गैर काहीच नाही.

पण नजर परळच्या पलीकडे नेली तर जगाचा हिशेब याहून विषम आहे. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगाच्या एकूण उत्पन्नातले ५२ टक्के वरच्या दहा टक्के लोकांकडे जातात. खालच्या निम्म्यांच्या वाट्याला जेमतेम साडेआठ. स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवणारं दादरचं पगारदार कुटुंब इथली स्वस्ताई धरली तर जगाच्या वरच्या अर्ध्यात सहज बसतं. (ईएमआय भरताना हे कुणाला पटणार नाही, ते सोडा.) अमेरिकेत २००७ मध्ये गुंतवणूक कंपनीतल्या दोन तरुणांनी ‘गिव्हवेल’ ही संस्था काढली, ती दिलेल्या पैशाच्या हिशेबासाठी: कुठल्या कामात कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त जीव वाचतात? मलेरियाच्या मच्छरदाण्या त्यांच्या यादीत वरच्या.

असा हिशेब टाटाच्याच डॉक्टरांनी मुंबईत करून दाखवला आहे. १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाली. ना प्रयोगशाळा, ना महागडं यंत्र. दहावी शिकलेल्या, त्यासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लावायच्या आणि मिनिटभर थांबायच्या. दोष असलेला भाग पांढरा पडतो. तशी बाई मग टाटात.

२०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. देशभर हे झालं तर वर्षाला २२ हजार बायका वाचतील, असा संशोधकांचा अंदाज होता. दुसऱ्या गटाला नुसती माहिती दिली, तपासणी नाही, यावर कडक टीकाही झाली. ती रास्तच म्हणायला हवी. पण पुरावा हाती आला.

अडचण अशी की वाचलेली बाई दिसत नाही. ती फुटपाथवर येतच नाही, घरी भाकऱ्या थापत असते. तिच्या नावानं पावती फाडणार कोण? २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी आली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत: १.९ टक्के.